फ्यूजन कशासाठी, हे रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून मिळावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बडोद्याच्या दांडियाबाजारात राहणारी, 64 वर्षे वयाची निवृत्त गणित-शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी, उत्तरायणाचे पतंग उतरल्यानंतरच्या आठवड्यात, माझ्या कमरेचा चौथा आणि पाचवा मणका स्क्रू व दांड्या घालून एकमेकांशी जोडण्याची, म्हणजे ज्याला सगळे फ्यूजन म्हणतात ती, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून गल्लीत, नात्यात किंवा माजी विद्यार्थ्यांच्या घरी कोणाचीही कंबर धरली, की एमआरआयची पिशवी घेऊन माणसे माझ्याकडे येतात आणि ‘काकू, ऑपरेशन करावे की नाही?’ एवढेच विचारतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देत नाही. पण प्रश्नच अर्धवट आहे आणि तो पुरा करायला लागणारी माहिती रुग्णाच्या हाती वेळेवर पडत नाही, हे मला स्वतःच्या अनुभवाने कळले आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

माझे दुखणे कमरेपेक्षा पायांचे अधिक होते. दांडियाबाजारातून रावपुऱ्याच्या टॉवरपर्यंत मी एके काळी न थांबता जात असे. पुढे वाटेत दोनदा थांबावे लागू लागले आणि शेवटी शेवटी दर चार दुकानांनंतर. पोटऱ्या शिसे ओतल्यासारख्या जड होत, डाव्या पायात मांडीपासून अंगठ्यापर्यंत ठणका लागे, आणि कुठे टेकले किंवा पुढे वाकले की पाच मिनिटांत सारे शांत होई. भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, कोपरे टेकवून उभे राहिले की बरे वाटते, हे माझ्या लक्षात आले होते, आणि भाजीवाल्याच्याही, कारण काही न घेता मी तिथे बराच वेळ रेंगाळत असे. पुढे एका डॉक्टरांनी माझे हे लारीचे वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले. कण्यातून नसा जातात ती वाट अरुंद झाली असेल तर वाकल्यावर ती किंचित मोकळी होते आणि ताठ उभे राहिल्यावर पुन्हा आवळते, असे त्यांनी सांगितले. पायांच्या रक्तवाहिन्या आकसल्यानेही चालताना पोटऱ्या भरून येतात, पण तिथे नुसते थांबले तरी आराम पडतो, वाकावे लागत नाही. म्हणून त्यांनी घोट्यापाशी पायांची नाडीही तपासली. त्याआधी चार वर्षे मी व्यायाम केले, गोळ्या घेतल्या आणि एकदा पाठीत इंजेक्शनही घेतले, ज्याचा गुण सहा आठवडे टिकला.

पण या डॉक्टरांकडे पोहोचण्यापूर्वी मी शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात गेले होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण असे अनुभव अनेकांना अनेक ठिकाणी आले असल्याचे मी नंतर ऐकले. तिथे एमआरआयची चित्रे पडद्यावर भराभर पुढे सरकवून मला सांगण्यात आले की मणक्यांमधली गादी गेली आहे, मणका सरकला आहे, परवा खाट रिकामी होत आहे आणि उशीर केला तर पाय कायमचे जातील. मला तपासणीच्या टेबलावर कोणी झोपवले नाही, चालूनही दाखवायला सांगितले नाही. यजमानांनी अनामत भरण्यासाठी पाकीट बाहेर काढले होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला, आणि तिने ‘आणखी एकाला दाखवल्याशिवाय आईला भरती करायचे नाही’ असे ठणकावले, म्हणून आम्ही घरी परतलो. मुलीचा फोन दहा मिनिटे उशिरा आला असता तर हे पत्र वेगळ्या सुरात लिहिले गेले असते, किंवा लिहिलेच गेले नसते.

दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी पहिल्या भेटीत एमआरआय पिशवीतून काढलाच नाही. त्यांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात चालायला लावले, टाचांवर व चवड्यांवर उभे केले, पायाच्या अंगठ्यात किती जोर आहे ते पाहिले आणि मग उभ्याने तीन एक्स-रे काढायला सांगितले: एक सरळ, एक पुढे वाकून, एक मागे झुकून. एमआरआय झोपून काढतात, त्यामुळे मणका भार पडल्यावर काय करतो हे त्यात पूर्ण दिसत नाही, हे मला तेव्हा प्रथमच समजले. झोपलेल्या चित्रात माझा चौथा मणका पाचव्यापुढे 4 मिलिमीटर सरकलेला होता. पुढे वाकल्यावर तेच अंतर 9 मिलिमीटर झाले. म्हणजे माझा मणका सरकलेला होता आणि शिवाय हलतही होता. माझ्या बाबतीत फ्यूजनचे कारण ते हलणे होते. पहिल्या रुग्णालयाने सुचवलेली शस्त्रक्रियाच शेवटी माझ्यावर झाली, हे मी प्रांजळपणे सांगते. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी मला ती कशासाठी होत आहे हे माहीत होते, आणि पुढच्या वर्षभरात त्या माहितीचा मला किती आधार झाला ते पुढे येईल.

चित्र पाहून घाबरणाऱ्यांसाठी एक आकडेवारी सांगते. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के निरोगी माणसांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. अहवालात ‘बल्ज’ हा शब्द दिसला म्हणजे आजार सापडला, असे समजण्याचे कारण नाही. दुखणे कुठे आहे, ते कोणत्या नसेच्या वाटेने जाते आणि चित्रातला दोष त्याच नसेपाशी आहे का, हे तिन्ही जुळावे लागते. पाय जाण्याच्या धास्तीबद्दलही थोडे सांगणे जरूर आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा झुबका असतो, त्यामुळे माझ्यासारख्या दुखण्यात एका रात्रीत पाय लुळे पडणे सहसा घडत नाही. मात्र लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीचा व जांघेचा भाग बधिर होणे, पाऊल एकाएकी लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर दुसरे मत घेण्यात वेळ न घालवता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठले पाहिजे. बाकीच्यांना परवाच्या खाटेची घाई नसते.

आता अर्धवट प्रश्नाकडे वळते. माझ्यासारख्या रुग्णावर प्रत्यक्षात दोन कामे केली जातात. एक म्हणजे नसांवर दाबणारे हाड व जाड झालेला अस्थिबंध काढून वाट मोकळी करणे, आणि दुसरे म्हणजे मणके जोडणे. पायांचा ठणका मुख्यतः पहिल्या कामाने जातो. दुसरे काम पहिल्याच्या जोडीला केलेच पाहिजे का, यावर तज्ज्ञांमध्येच बरीच वर्षे मतभेद आहेत. स्वीडनमधल्या 50 ते 80 वर्षे वयाच्या 247 रुग्णांवरचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसती वाट मोकळी केलेले आणि त्याशिवाय मणके जोडलेले रुग्ण दोन वर्षांनी सारखेच बरे होते. त्याच वर्षी आलेल्या अमेरिकेतल्या 66 रुग्णांच्या अभ्यासात मणके जोडलेल्यांची प्रकृती किंचित अधिक सुधारली, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण त्यांच्यात 14 टक्के, तर न जोडलेल्यांत 34 टक्के होते. नॉर्वेतल्या 267 रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये आला, आणि त्यात पुरेशी सुधारणा झालेल्यांचे प्रमाण नुसती वाट मोकळी केलेल्यांत 71 व मणके जोडलेल्यांत 73 टक्के निघाले. आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे मी हे आकडे पुन्हा पुन्हा वाचले आणि डॉक्टरांना विचारले की मग मला स्क्रू कशाला? त्यांनी शांतपणे सांगितले की अमेरिकेच्या अभ्यासात वाकताना मणका 3 मिलिमीटरपेक्षा जास्त हलणाऱ्यांना घेतलेच नव्हते, आणि माझा 5 मिलिमीटर हलत होता. मला हवे होते ते उत्तर हेच होते, आणि ते द्यायला त्यांना दोन मिनिटेही लागली नाहीत.

तरीही तिथला संमतिपत्राचा प्रकार मला खटकला, आणि तो लपवून ठेवणे योग्य होणार नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री साडेनऊ वाजता अकरा पानांचा इंग्रजी कागद माझ्यापुढे आला, सहीच्या जागांवर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या, आणि परिचारिका फाइल घेऊन उभी होती. मी तो पूर्ण वाचला, त्याला पाऊण तास लागला आणि ती बिचारी अवघडून गेली. शेजारच्या खाटेवर पादऱ्याकडच्या एका खेड्यातले वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या अंगठ्याचा ठसा मात्र अर्ध्या मिनिटात उमटला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये दिलेल्या निकालात स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप आणि हेतू, त्याला असलेले पर्याय, त्यातले मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे समजेल अशा रीतीने सांगितल्यावर मिळालेली संमतीच खरी संमती होय. बडोद्याच्या रुग्णालयांत गुजराती, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा दिवसभर बोलल्या जातात. कागद मात्र यांपैकी एकाही भाषेत नव्हता.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीतल्या एका गोष्टीवर मला विशेष लिहायचे आहे. हाड जुळण्यात निकोटिन मोठा अडथळा आणते, म्हणून डॉक्टर ‘सिगारेट, तंबाखू?’ असे विचारतात आणि आमच्या घरांतल्या बायका निःशंकपणे ‘नाही’ म्हणतात. पहाटे उठल्याबरोबर बोटावर घेतलेली मिश्री, किंवा इकडची छिंकणी, ही तंबाखूच असते, हे त्यांच्या मनातही येत नाही आणि डॉक्टरही त्या शब्दात विचारत नाहीत. माझ्या एका नात्यातल्या बाईंच्या बाबतीत हे शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी उघड झाले आणि तारीख पुढे गेली. साखर आटोक्यात असणे आणि ड जीवनसत्त्व पुरेसे असणे हेही महत्त्वाचे आहेच; रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेली असतील तर त्यांत स्क्रूची पकड ढिली राहते, म्हणून माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणीही झाली.

बरे होण्याविषयी लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज स्क्रूंबद्दल आहे. स्क्रू घातले म्हणजे मणके जोडले गेले, असे सर्वांना वाटते. माझे यजमान बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी डॉक्टरांचे ऐकून लगेच सांगितले की स्क्रू आणि दांड्या म्हणजे सेंटरिंग, स्लॅब घट्ट होईपर्यंतचा तात्पुरता आधार, आणि खरा स्लॅब म्हणजे मधे भरलेले हाड. न्यूयॉर्कमध्ये 1911 साली रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या तेव्हा स्क्रू नव्हतेच. क्षयाने पोखरलेल्या मणक्यांवर रुग्णाचेच हाड बसवले जाई आणि ते धरेपर्यंत त्याला पडून राहावे लागे. मणक्याच्या देठातून स्क्रू बसवण्याची पद्धत फ्रान्समध्ये रॉय-कामीय यांनी 1960 च्या दशकात आणली, आणि आता दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करता येते ते त्यामुळे. पण हाडाचा वेग काही वाढलेला नाही. ते धरू लागायला तीन महिने आणि पक्के व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. तोवर स्लॅब झाला नाही तर सेंटरिंगही कायमचे टिकत नाही; स्क्रू ढिले होतात, कधी दांडी तुटते. ही गोष्ट नीट उमगल्यामुळेच, चौथ्या महिन्यात अगदी ठणठणीत वाटू लागल्यावर मी नातवाला उचलले नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस सगळ्यांना माहीत असतात तसेच गेले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले आणि त्याच क्षणी लक्षात आले की डाव्या पायातला चार वर्षांचा ठणका नाहीसा झाला आहे, आणि त्याच्या जागी पाठीत असे दुखणे आले आहे की पूर्वीचे बरे होते. घरी सोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टने जिना चढवून पाहिला, कारण आमचे घर जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लाकडी जिना उभा आहे. कुशीवर वळायचे ते ओंडक्यासारखे, खांदे आणि कंबर एकदम. उठायचे ते आधी कुशीवर होऊन, पाय खाली सोडून आणि हाताने रेटा देऊन. वाकणे, पिळणे आणि चार-पाच किलोंच्या वर उचलणे, या तिन्हींना तीन महिने मनाई होती. वेदनाशामक गोळ्यांनी पोट जड झाले, त्यावर उंझ्याच्या बाजारातले इसबगोल कामी आले.

तिसरा आठवडा सर्वांत वाईट असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. भेटायला येणारे थांबतात, जखम वरून भरलेली दिसते म्हणून घरातल्यांना बाई बरी झाली असे वाटू लागते, आणि आत दबलेल्या नसा जाग्या होताना पायात मुंग्या आणि चमका येतात, तेव्हा शस्त्रक्रिया फसली की काय या विचाराने रात्र सरत नाही. मी दोनदा घाबरून डॉक्टरांना फोन केला, आणि दोन्ही वेळा हे अपेक्षित आहे असे उत्तर मिळाले. ताप, जखमेतून पाणी येणे, पोटरी सुजणे किंवा पायातला जोर कमी होणे, यासाठी मात्र फोन न करता सरळ यायचे, असेही त्यांनी बजावले. हे सारे एका कागदावर आधीच लिहून मिळाले असते तर त्या दोन रात्री मी झोपले असते.

आमची घरे जमिनीवर बसण्यासाठी आणि वाकण्यासाठी बांधलेली आहेत, हे रुग्णालयात कोणाच्या ध्यानात येत नाही. भारतीय पद्धतीचे शौचकूप, जमिनीलगतचा नळ, खाली ठेवलेले डबे, देवापुढचा पाट, सगळेच. आम्ही प्लास्टिकची कमोड-खुर्ची आणली, देव फळीवर उचलले आणि रोजच्या वापराचे डबे ओट्याच्या उंचीवर आणले. पोळ्या लाटणे मला दहाव्या आठवड्यात उभ्याने जमू लागले. भरलेला पाच लिटरचा कुकर उतरवायला मात्र सहा महिने यजमान लागले. पुरुषाची शस्त्रक्रिया झाली की त्याला तीन महिन्यांची रजा मिळते. बाई मात्र त्याच स्वयंपाकघरात परत येते, आणि सारे तिला ‘जपून कर’ म्हणतात, ‘करू नको’ असे कोणी म्हणत नाही. आमच्याकडे यजमानांनी केर-लादी शिकून घेतली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे, जरी कोपरे अजून राहतातच.

चालणे हेच मुख्य औषध होते. पहिल्या आठवड्यात वाड्याच्या गॅलरीत शंभर पावले, सहाव्या आठवड्यात सूरसागरापर्यंत, तिसऱ्या महिन्यात सूरसागराला पूर्ण फेरी; त्यानंतर रिक्षाने कमाटीबागेत जाऊन तिथे अर्धा तास. रिक्षातले ते दहा मिनिटांचे धक्के चालण्याच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त दुखत. एप्रिलच्या उन्हात कमरेला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्याखाली घामोळ्या उठल्या आणि डॉक्टरांनी तो सोडायला सांगितला तो दिवस मला सणासारखा वाटला. वर्षाने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये हाड एकसंध झालेले दिसले. आज मी रावपुऱ्याच्या टॉवरपर्यंत न थांबता जाते. सकाळी कंबर आखडलेली असते, डाव्या पायाचा अंगठा अजूनही बधिर आहे आणि तो तसाच राहील असे मला सांगितले आहे. जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या सांध्यावर आता जास्त भार येतो, काही वर्षांनी तोही कुरकुरू शकतो, हेही मी जाणून आहे.

माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत शहरातल्या अस्थिरोग आणि मणक्यांच्या तज्ज्ञांना विनंती आहे की तातडीची नसलेली अशी शस्त्रक्रिया सुचवताना त्याच दिवशी, भरती होण्याच्या किमान आठवडाभर आधी, रुग्णाला त्याच्या भाषेत एक पान लिहून द्यावे. नुसती वाट मोकळी करून का भागणार नाही, मणका किती हलतो, न केल्यास काय होईल, आणि पहिल्या तीन महिन्यांत घरात काय लागेल, एवढे त्यात असावे. शरीरात बसवलेल्या स्क्रूंची चिकटपत्रे रुग्णालयाच्या फाइलमध्ये लावतात. त्यांची प्रत मागून घ्यावी, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते, कारण पुढे कधी दुसऱ्या शहरात शस्त्रक्रिया करावी लागली तर ती उपयोगी पडते. आयुष्मान योजनेत ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सर्वांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागल्यापासून अनेक वृद्धांना ही शस्त्रक्रिया प्रथमच आवाक्यात वाटू लागली आहे, ही चांगली गोष्ट आहे. म्हणूनच हे पान त्यांना मिळणे अधिक गरजेचे झाले आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या 72 वर्षांच्या एक बाई अशीच पिशवी घेऊन आल्या. त्यांना येत्या गुरुवारची तारीख मिळाली आहे, पण उभ्याने काढलेला एक्स-रे अजून झालेला नाही. सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
दांडियाबाजार, बडोदे